आपल्या माणसाचं माप

भिलाईहून परत आल्यावर शेजारच्या वैद्यवहिनींनी पहिलाच प्रश्न टाकला, "कारखाना पाहिलात का हो?" पाहिला. फाटकाबाहेरून पाहिला. उंच चिमण्या पाहिल्या, धूर पाहिला, भोंगा झाला की रस्ताभर सुटणाऱ्या सायकली पाहिल्या. आत जायला पास लागतो, आणि 'ताई, पास म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ' असं म्हणणाऱ्या माझ्या भावाने तो पास शेवटपर्यंत काढला नाही. पण वड्या म्हणाल तर नऊ घरच्या खाऊन आले. आणि त्या वड्यांपायी माझी जन्मभराची एक पक्की समजूत अशी काही उताणी पडली, की कारखान्याचं वर्णन दुसऱ्या कोणी लिहावं, मी आपलं वड्यांचंच लिहिते.

दुर्ग स्टेशन

शाळेतून निवृत्त झाल्यावरचा हा माझा पहिला हिवाळा. धाकटा भाऊ वसंता कित्येक वर्षं 'ये, ये' म्हणत होता आणि मी 'पेपर तपासायचेत' म्हणून टाळत होते. आता ती सबब संपली होती. संगमनेरहून निघाले, मनमाडला गाडी पकडली आणि दुर्गला उतरले. मधल्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी माझ्या उशीवर डोकं ठेवून सबंध विदर्भ घोरत ओलांडला.

फलाटावर माकडटोपी घातलेला एक माणूस हात हलवत होता. ओळख पटेना. जवळ येऊन वाकला तेव्हा कळलं, हा आपला वसंता. "ताई, काहून घाबरून राहिली? मीच आहो ना!" म्हणाला. मी कपाळाला हात लावला. संगमनेरच्या वाड्यावस्त्यांतून गलबलाट करत हिंडणारा हा मुलगा, आणि त्याच्या तोंडी ही भाषा! हमालाशी हिंदी, ऑटोवाल्याशी छत्तीसगढी, माझ्याशी नागपुरी. तिन्ही एका दमात. मध्य प्रदेशात वीस-बावीस वर्षं काढली की माणूस असा होतो वाटतं.

सेक्टर १०

भिलाईची वसाहत बघून मला आधी आमच्या शाळेतल्या चौकटीच्या वह्या आठवल्या. सरळ रस्ते, काटकोनात वळणारे, दोन्ही बाजूंना एकसारखी क्वार्टर्स, प्रत्येकापुढे मुनग्याचं नाहीतर पपईचं झाड. मुनगा म्हणजे शेवगा, हेही तिथेच शिकले. गणिताच्या बाईला आवडावं असं गाव. पण दुसऱ्याच दिवशी सकाळी फिरायला गेले आणि त्या सारखेपणाने मला चांगलंच गंडवलं. परत येताना फाटक उघडलं, चप्पल काढली, थेट स्वयंपाकघरात गेले आणि "सुमन, चहा टाक गं" म्हटलं. ओट्यापाशी एक अनोळखी, उंच, गजरा माळलेल्या बाई. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "नया आया? बैठो." मग पितळेच्या पेल्यात कॉफी दिली आणि घराबाहेर येऊन दोन फाटकं पलीकडे बोट दाखवलं. आमच्याकडे परकी बाई स्वयंपाकघरात शिरली असती तर अख्खी गल्ली गोळा झाली असती. इथे म्हणे आठवड्याला कोणी ना कोणी चुकतंच.

सुमन म्हणजे वसंताची बायको, माझी भावजय. माहेर तुमसरकडचं, धानाच्या शेतीतलं. बुटकी, गोल चेहऱ्याची, दिवसभर पायाला भिंगरी. तिकडच्या बायका 'मी करतो, मी जातो' म्हणतात. पहिल्या दिवशी आतून "ताई, मी आंघोळीचं पाणी काढतो" असा आवाज आला आणि मी घरात आणखी कोण पुरुष आहे म्हणून बघू लागले. घरात धूर नाही, राख नाही. विजेच्या हिटरवर तारेचं वेटोळं लाल होतं आणि त्यावर सगळा स्वयंपाक. आणि काय तो स्वयंपाक! रोज ताटात डाव्या बाजूला जवसाची चटणी. भाजलेलं जवस, लसूण, तिखट. मी आठ दिवस ती चटणी अशी चापली की शेवटी शेवटी भाकरी निमित्तालाच उरली.

पण 'चटणी छान आहे' असं मी एकदाही म्हणाले नाही. इथे मला माझ्या तत्त्वाबद्दल सांगायला हवं.

माझा जन्मभर एकच नेम. आपल्या माणसाला माप थोडं कमी द्यायचं. परक्याला भरून, आपल्याला हात आखडून. म्हणजे कोणी आपल्याकडे बोट दाखवू शकत नाही. लग्नाच्या पंगतीत मी वाढायला असले की पाहुण्यांना अख्खे लाडू आणि घरच्यांना तुटके. माझा मुलगा माझ्याच शाळेत होता, त्याला मी कधी वर्गाचा मॉनिटर होऊ दिलं नाही. आणि खुद्द वसंता माझ्या वर्गात होता तेव्हा त्याला मी गणितात नापास केलं होतं. बाहेरच्यांचं कौतुक तोंडभर करावं, घरच्यांचं मनात ठेवावं, असं माझ्या आईनेही केलं आणि मीही केलं. याला मी सचोटी म्हणत होते. लोकही म्हणत होते.

निमकरकाकू येतात

तिसऱ्या दिवशी दुपारी निमकरकाकू आल्या. सेक्टरमधल्या मराठी महिला मंडळाच्या अध्यक्षा. कारखान्यातल्या मोठ्या साहेबांची बायको, नागपूरच्या, करड्या केसांचा घट्ट अंबाडा, बोलणं लाघवी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळात दरवर्षी सांबारवडीची स्पर्धा होते. सांबार म्हणजे कोथिंबीर. थंडीत ती स्वस्त झाली की विदर्भातली बाई गप्प बसत नाही. बेसनाची पातळ पोळी, तिला चिंचगुळाचा हात, आत कोथिंबीर, खोबरं, खसखस, मग पाकिटासारखी घडी आणि कढईत. पण यंदा ज्या परीक्षक बाई नागपूरहून येणार होत्या त्या आजारी पडल्या.

"परीक्षक बाहेरचाच लागतो आमच्याकडे," काकू म्हणाल्या. "आतली कोणी ठेवली तर वर्षभर बोलचाल बंद. सेक्टरात सध्या बाहेरून आलेल्या तुम्हीच आहात बघा."

"अहो पण सुमन भाग घेते ना? मी तिची नणंद."

"ताटल्यांवर नंबर असतात हो. चिठ्ठ्या डब्यात. आणि तुमची ख्याती आम्ही ऐकून आहोत! सख्ख्या भावाला नापास करणाऱ्या बाई तुम्ही. तुमच्यावर कोण शंका घेईल?"

मी वसंताकडे पाहिलं. तो असा हसत होता जणू नापास झाल्याबद्दल त्याला पदक मिळालंय. ही गोष्ट त्याने कारखान्यातल्या टाइम ऑफिसपासून भाजी बाजारापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवली होती. मला आतून गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू! मी होकार दिला.

काकू गेल्यावर सुमन ओट्याशी टेकून उभी राहिली. "ताई, एक सांगू? नव्या नवरीची आली तवा माझी वडी कढईत फुटली होती. सारं तेल काळं. बाया हसल्या. मंग काकूनंच मले हाताला धरून शिकवलं, घडी कशी घालाची ते. तवापासून दरसाल काकू पहिली अन् मी दुसरी."

"मग यंदा?"

"औंदा काकूचं शेवटचं साल हाय. साहेब रिटायर होऊन राहिले, क्वार्टर सोडून नागपूरले जातीन. पुढच्या साली मी पहिली आली तं काय मजा? काकू असतानाच आली पाहिजे. त्यायच्या समोर." तिचे डोळे चमकत होते. "तुमी मले काही मदत करू नका बरं. नंबरानं जे होईन ते होईन."

"मदत? मी तुझ्या वडीचा वासही घेणार नाही," मी ठणकावलं.

कुम्हारी

आणि खरंच घेतला नाही. दुसऱ्या दिवसापासून सुमनने सरावाच्या वड्या तळायला घेतल्या आणि मी घराबाहेर पडले. परीक्षकाला कोणाच्या हाताची चव आधी माहीत असता कामा नये! वसंता म्हणाला, "अगं, दुसऱ्या खोलीत बस." मी म्हटलं, वास भिंती ओलांडतो. मग नाकाला पदर लावून निघाले आणि हमरस्त्यावर रायपूरकडे जाणारी पहिली बस आली तिच्यात चढले. कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं. कंडक्टर म्हणाला, "कहां?" मी म्हटलं, "जिथे वड्यांचा वास येत नाही तिथे." तो भला माणूस होता, त्याने मला कुम्हारीला उतरवलं.

कुम्हारी म्हणजे हमरस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेलं छोटं गाव. एकीकडे ट्रकची रांग आणि छोटे कारखाने, आणि मागे दहा पावलं गेलं की एकदम शेतं. धान कापून झालेलं, आणि त्याच मोकळ्या शेतात लाखोळीच्या डाळीची कोवळी हिरवी भाजी उगवलेली. तिकडे तिला तिवरा म्हणतात. बांधावर एक म्हातारी हरभऱ्याचे घाटे काटक्यांच्या जाळात भाजत बसली होती. मला पाहून तिने हात करून "बइठ, बहिनी" म्हटलं. मी बसले. तिची चारपाच वर्षांची नात शेजारी उकिडवी. म्हातारीने भाजलेल्या घाट्यांचे दोन वाटे केले. मोठा माझ्यापुढे, चिमूटभर नातीपुढे. "पहुना ला जादा, घर वाली ला थोरिक," ती म्हणाली.

मला काय आनंद झाला सांगू! म्हटलं, बघा, कुठलं संगमनेर आणि कुठलं कुम्हारी, पण शहाण्या बायकांचा नेम एकच. मी तिच्याकडे बघून मान डोलावली. नातीने मात्र माझ्याकडे असं काही पाहिलं, की जणू मी तिचं घर लुटलंय. आणि म्हातारी जाळ फुंकायला वाकली की नातीचा हात माझ्या वाट्यात. मीही बघून न बघितल्यासारखं केलं. बोटं, तोंड, नाक काळं करून आम्ही दोघींनी तो मोठा वाटा संपवला. परतीच्या बसमध्ये लोक माझ्याकडे बघून हसत होते. घरी आरशात पाहिलं तेव्हा कळलं, मला चांगल्या मिशा फुटल्या होत्या.

हळदीकुंकू

संक्रांतीच्या संध्याकाळी मंडळाच्या मोकळ्या अंगणात सतरंज्या घातल्या होत्या. बायका काळ्या साड्यांत, पुरुष मागे खुर्च्यांवर शेकोटीपाशी. मधे लांब टेबल आणि त्यावर झाकलेल्या नऊ ताटल्या. माझ्यापुढे ताकाचा तांब्या, प्रत्येक वडीनंतर तोंड धुवायला. बक्षीस म्हणजे पितळेचा घडीव करंडा, आणि जिंकणारीकडे दुसऱ्या दिवशी सगळ्या मंडळाला चहा, अशी तिथली रीत.

मी चाखायला लागले. पहिलीत मीठ जास्त. दुसरी बाहेरून झकास, आत कच्ची. तिसरी मात्र फार चांगली. आंबटगोड नेमकं, कोथिंबीर हिरवीगार, पोळी मात्र किंचित जाड. चौथी तेलकट. मग पाचवी तोंडात टाकली आणि माझे डोळे आपोआप मिटले. पापडासारखी पोळी, आणि आत खसखशीऐवजी खमंग भाजलेलं जवस! दाताखाली आलं आणि मला थेट सुमनच्या ताटाची डावी बाजू आठवली.

झालं. नंबर गेले खड्ड्यात. पाचवी ताटली सुमनची, हे मला स्वच्छ कळलं.

उरलेल्या चार मी चाखल्या खऱ्या, पण चव कुठली कळतेय? डोक्यात दुसरंच चाललं होतं. पाचवी सगळ्यात चांगली, यात तिळमात्र शंका नाही. पण पहिला नंबर तिला दिला तर उद्या सेक्टरभर होईल, नणंदेने करंडा घरातच ठेवला. काकूंनी किती विश्वासाने मला बसवलं! मग माझा जन्माचा नेम मदतीला धावून आला. आपल्या माणसाला माप थोडं कमी. मी कागदावर लिहिलं, पहिला नंबर तीन, दुसरा नंबर पाच. लिहिलं आणि मला इतकं हलकं, इतकं उदात्त वाटलं, की मी वरून आणखी एक तांब्या ताक प्याले.

खजिनदार बाईंनी डबा उघडला. "पहिला नंबर, ताटली तीन... सुमन वसंत!"

मागून वसंताने शीळ घातली. सुमनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बायका टाळ्या पिटताहेत, कोणी तिला ढकलतंय, कोणी ओढतंय, आणि मी तोंड उघडं टाकून बसलेली.

"दुसरा नंबर, ताटली पाच... निमकरकाकू!"

काकू उठल्या, छान हसल्या, त्यांनी सुमनला पोटाशी धरलं आणि आपल्या हाताने तिला करंडा दिला. मग हळूच आपली ताटली झाकायला टेबलापाशी आल्या. साहेब त्यांच्या पिशव्या धरून उभे होते. माझं लक्ष नाही असं समजून काकू त्यांना म्हणाल्या, "हात गेला वाटतं हो माझा. मला तर यंदा फार चांगली वाटून राहिली होती. जाऊ द्या, जाऊनच राहिलो आपण." आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

चहाच्या आधी

सकाळी सुमन गुणगुणत चहाची तयारी करत होती. करंडा देवापाशी मांडला होता, त्यात ताजं कुंकू. तिचा तो आनंद बघून माझी जीभ उचलेना. गप्प बसावं, असंही मनात आलं. कोणाला कळणार होतं? माझ्याखेरीज कोणालाच नाही. पण काकूंचा तो पदर डोळ्यांपुढून हलेना. शेवटी मी तिच्याशेजारी पाटावर बसले आणि सगळं सांगून टाकलं. जवस, पाचवी ताटली, माझी समजूत, माझा नेम, सगळं.

सुमन ऐकत राहिली. लाटणं हातातच. मग म्हणाली, "ताई, एक विचारू? पाचवी ताटली खरंच माझी असती तं?"

"तर?"

"तं सगळ्यात चांगली असून मी दुसरी आली असती. कावून? तं मी तुमची हाय म्हणून?"

इतकी वर्षं मुलांना गणितं घातली, पण असा प्रश्न मला कोणी घातला नव्हता. काकूंवर अन्याय झाला तो चुकून. सुमनवर तर मी जाणूनबुजून करायला निघाले होते, आणि वर स्वतःची पाठ थोपटत होते.

"अन् जवसाचं म्हणान," तिचा आवाज आता चढला, "तं दरसाल मीच जवस टाकतो! काकूले मीच म्हटलं, औंदा टाकून पाहा म्हणून. अन् मी सोता खसखस टाकली. कोणासाठी? तुमच्यासाठी! रोज ताटात जवसाची चटणी वाढून राहिली मी, तुमी एका शब्दानं चांगली म्हटलं नाही. मले वाटलं, तुमच्या तिकडच्या लोकाले जवस जमत नाही."

"अगं, मी तर ती चटणी..."

"चाटूनपुसून खाल्ली, दिसलं मले! पण मले वाटलं भिडेनं खाता. बोलाले का झालं होतं, बापा?"

काय झालं होतं? काहीच झालं नव्हतं. घरच्यांचं कौतुक करायचं नाही, एवढंच. मला स्वतःचा इतका राग आला, की तो मी तिच्यावरच काढणार होते; पण तेवढ्यात तिनेच लाटणं खाली ठेवलं.

"काकू रडली का खरंच?"

"रडल्या."

ती उठली, देवापाशी गेली आणि करंडा उचलून पदराने पुसायला लागली. पुसता पुसता तिचा चेहरा पडत चालला होता, ते मला दिसत होतं. इतक्या वर्षांनी मिळालेला करंडा एका रात्रीपुरताच घरात राहिला होता. "चार वाजता सगळ्या येतीन," ती म्हणाली. "तुमी सांगता का मी सांगू?"

"मी सांगेन."

चहा

क्वार्टरच्या त्या बैठकीच्या खोलीत बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. दारात वसंता आणि साहेब. मी उभी राहिले. वर्गापुढे उभं राहण्यात जन्म गेला, पण आपली चूक सांगायला उभी राहण्याची ही पहिलीच वेळ. मी काही आडपडदा न ठेवता सांगितलं. पाचवी ताटली पहिली होती. ती सुमनची समजून मी तिला खाली ढकललं. नंबर चुकला नाही, चिठ्ठी चुकली नाही, मी चुकले.

मग खिडकीशी बसलेली एक बाई हळूच म्हणाली, "म्हंजे नणंद भावजयीले पाडाले गेली अन् जिंकवून बसली?"

आणि जो काही हशा फुटला! कोणाच्या बशीतला चहा सांडला, कोणाला ठसका लागला. वसंता तर दाराची चौकट धरून खाली बसला. मीही हसले, रडायच्या बेतात असताना हसू येतं तसं.

हसल्या नाहीत त्या एकट्या निमकरकाकू. हसणं ओसरल्यावर त्यांनी अगदी हळू विचारलं, "म्हणजे पाचवी खरंच चांगली होती?"

"सगळ्यात चांगली, काकू. अशी मी आजवर खाल्ली नाही."

"मग माझा हात शाबूत आहे म्हणायचा?"

"शाबूत आहे."

"अहो, ऐकलंत का?" त्या साहेबांकडे वळून एवढ्या मोठ्यांदा ओरडल्या की साहेब दचकले. "रात्रभर म्हणत होतात ना, झोप, झोप! आता म्हणा!" सुमनने करंडा त्यांच्या ओटीत ठेवला. त्यांनी झाकण उघडलं, बोट कुंकवात बुडवलं आणि आधी सुमनच्या कपाळाला लावलं. सुमन वाकली, आणि मग दोघी एकमेकींचे डोळे पुसत बसल्या.

मला वाटलं, सुटले. पण नाही. सुमन उठली, कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

"काकूचं झालं. आता माझं. माझी वडी कशी होती ते सांगा. इथंच, सगळ्यांसमोर. कमी नाही, जास्त नाही."

आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या माणसाचं माप सरळ केलं. म्हटलं, "सुमन, तुझी पोळी काकूंपेक्षा जाड होती. घडीचा कोपरा एका बाजूने उकलला होता. पण तुझ्यासारखं आंबटगोड नऊ ताटल्यांत एकीलाही जमलं नाही, काकूंनाही नाही. जवस टाकलं असतंस तर कोणाला पहिलं ठरवायचं, हे मला ठरवता आलं नसतं. आणि तुझी चटणी मी आठ दिवस अधाशासारखी खाल्ली, कारण ती माझ्या आईच्या हातच्यापेक्षा चांगली आहे. हे मी पहिल्याच दिवशी म्हणायला हवं होतं."

सुमन आत गेली. मी मागोमाग गेले तर ती हिटरकडे तोंड करून डोळे पुसत होती.

"काय झालं गं?"

"काही नाही. धूर गेला डोळ्यात."

"हिटरचा धूर?"

"गप बसा ताई," ती म्हणाली आणि हसत हसत पुन्हा रडायला लागली.

संगमनेर

परत आले त्याला आता आठवडा झाला. सुमनने जवस बांधून दिलं आहे, पण तिच्यासारखी चटणी इथे होत नाही; दोनदा करून पाहिली.

आल्या दिवशी रात्रीचं जेवायला बसलो. मुलगा गावाला गेलेला, मी आणि सूनबाई दोघीच. सुनेला आमच्या घरी येऊन बरीच वर्षं झाली. ती भात वाढत होती. मी आमटीचा भुरका मारला आणि ठरवून, स्पष्ट आवाजात म्हटलं, "आमटी फार सुरेख झालीय हं आज."

तिचा डाव भातावरच थांबला. तिने ताट बाजूला सारलं, उठून माझ्यापाशी आली आणि माझ्या कपाळाला हात लावून काळजीने विचारलं, "आई, प्रवासात काही झालं का हो? बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"